सभासद क्रमांक सहाशे चौदा

आत्याची ओळख करून देताना बाबा नेहमी एकच वाक्य वापरायचे. "ही माझी थोरली बहीण. माणसं मारत नाही, फक्त मेलेली मोजते." पाहुणे हसायचे. आत्याही हसायची, पण तिचं हसू जरा उशिरा यायचं. मधल्या क्षणात ती समोरच्या माणसाकडे बघायची, आणि तो क्षण मला लहानपणापासून नकोसा वाटायचा. ती वय बघते आहे हे मला कळायचं.

आत्या विमागणिती. तिच्या ऑफिसातले लोक ॲक्च्युअरी म्हणतात. कोणत्या वयाची किती माणसं वर्षभरात जातात हे मोजायचं आणि त्यावरून विम्याचे, पेन्शनचे आकडे बांधायचे, हे तिचं आयुष्यभराचं काम. मी चौथीत असताना तिने मला तिचा तक्ता दाखवला होता. सगळ्यात वरच्या ओळीत एक लाख बाळं. पुढच्या ओळीत तीच बाळं एक वर्षाची झालेली, थोडी कमी. मग दोन वर्षांची, अजून थोडी कमी. अशी ती एका ओळीतून खालच्या ओळीत उतरत राहतात. तळाशी, एकशेसहा या वयासमोर, "एक" असा आकडा होता.

"याच्याशी बोलायला कोण असतं?" मी विचारलं होतं.

"पुढच्या ओळीत तोही नसतो," आत्या म्हणाली, "मग प्रश्नच मिटतो."

तो एकटा माणूस मला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिला, रिकाम्या शाळेच्या पटांगणात हजेरीसाठी उभा असल्यासारखा.

काका, म्हणजे आत्याचे यजमान, त्याच पेशातले. दोघांची ओळखच एका परीक्षेच्या हॉलबाहेर झाली. या लोकांची एक संघटना आहे. नव्या मुलांच्या परीक्षा घेणं, पेशाचे नियम करणं, दर काही वर्षांनी नवा तक्ता काढणं ही तिची कामं, आणि ती सगळी सभासदांनी आपापली नोकरी सांभाळून, शनिवारी, फुकट करायची. काका पंधरा वर्षं न चुकता जायचे. आजीव सभासदांची यादी त्यांच्याकडे असायची. शनिवारी ते चपला घालायला लागले की आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची, "निघाले लष्करच्या भाकऱ्या भाजायला."

"कोणीतरी भाजाव्या लागतातच गं," काका म्हणायचे. "लष्कर उपाशी राहील."

हा संवाद मी इतक्यांदा ऐकला होता की मला तो दाराच्या कडीसारखा वाटायचा. तो वाजला की काका गेले असं समजायचं.

अकरा वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी तो असाच वाजला. सव्वादहा वाजले होते. काका संघटनेत गेले, दिवसभर काम केलं, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी जिना उतरले आणि घरी आलेच नाहीत. वय चोपन्न. तब्येत ठीक. घरात भांडण नाही, चिठ्ठी नाही. पिशवीत डबा, डायरी आणि वाचायचा चष्मा. पोलिसांनी केलं ते केलं, बाबांनी केलं ते केलं. मग हळूहळू काका हे आमच्या बोलण्यातून निघून एका खुर्चीत जाऊन बसले. ती आत्याच्या बैठकीच्या खोलीत दाराकडे तोंड करून होती, आणि तिच्यात कोणी बसत नसे. आत्या दाराला आतून कडीही लावत नसे. नुसतं लोटून घ्यायची.

माणूस सात वर्षं सापडला नाही तर कोर्टात अर्ज करून त्याला मृत ठरवता येतं. बाबांनी सात वर्षं पुरी झाल्यावर तो अर्ज आणून दिला. चार वर्षं तो आत्याच्या टेबलाच्या खणात पडून होता.

"ताई, एक सही कर आणि मोकळी हो," बाबा दर भेटीत म्हणायचे.

"सही मी करायची आणि मरायचं त्याने?"

"अगं, नुसतं समजायचं असतं. त्यात लिहिलंच आहे, मृत समजण्यात यावे."

"मला समजलेलंच नाही," आत्या म्हणायची, "तर समजण्यात काय यावे?"

बाबा हात टेकायचे. अर्ध्या देशाचे मेलेले मोजलेली बाई घरातला एक माणूस इकडे टाकायचा की तिकडे हे ठरवू शकत नव्हती, आणि त्यामुळे ती स्वतःही कुठेच नव्हती. बाहेरगावी राहायला जायचं तर ती म्हणे, दार कोण उघडेल. कुंकू लावायचं की नाही, फोटोला हार घालायचा की नाही, कोणी विचारलं "घरी कोण कोण" तर काय सांगायचं, असल्या प्रश्नांवर ती अकरा वर्षं पाय ठेवून उभी होती.

त्या शनिवारनंतर संघटनेत मात्र ती कधी गेली नाही. वर्गणी भरायची, पण जिना चढली नाही.

यंदाच्या जानेवारीअखेर संघटनेच्या सचिव घरी आल्या. चाळिशीच्या, चटपटीत, एके काळी काकांच्या हाताखाली शिकलेल्या. त्या नेमकी ती खुर्ची टाळून बसल्या. मी तेव्हा आत्याकडेच राहत होते. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, महिनाभर वाचायचं नव्हतं, आणि माझी एम.ए.ची परीक्षा संपली होती.

"मॅडम, एक विचित्र झालंय," सचिव म्हणाल्या. "नव्या तक्त्याबरोबर आम्ही आमच्या स्वतःच्या सभासदांचाही एक छोटा तक्ता काढतोय. तर आमचे आजीव सभासद मरतच नाहीत."

"अभिनंदन," आत्या म्हणाली.

"एकजण एकशेअकरा वर्षांचे आहेत. कागदावर."

"घरातल्यांनी कळवलं नसेल."

"तेच. झालंय पण कळलेलं नाही. अशी किती नावं आहेत ते एकेक बघायला हवं, आणि ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांचं काय करायचं याचा नियम लिहायला हवा. समितीत या ना. शनिवारी चार-पाच तास. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी सभा आहे, तिच्यात नियम मांडायचा." त्या थांबल्या. "तुमच्याइतकं कोणाला जमणार नाही."

हे वाक्य खोलीत जरा जास्त वेळ राहिलं. मला वाटलं आत्या नाही म्हणणार.

"येते," ती म्हणाली.

सचिव गेल्यावर मी म्हटलं, "लष्करच्या भाकऱ्या?"

आत्याने काळा चष्मा काढून फुंकर मारून पुसला. "मला एकच भाकरी बघायची आहे, चिमणे. बाकीच्या तू वाच."

संघटनेचं कार्यालय एका चष्म्याच्या दुकानावर आहे, दुसऱ्या मजल्यावर. दुकानाच्या पाटीवर हातभर मोठा डोळा रंगवलेला. जिन्याच्या पहिल्या वळणावर खिडकीतून तो आडवा, अगदी जवळून दिसतो, आणि चढताना दर वेळी वाटतं की त्याने आपल्याला टिपून घेतलं. वर लांबट खोली, भिंतीवर माजी अध्यक्षांचे फोटो, एक मोठं टेबल, अठरा खुर्च्या. शनिवारी दुपारी खालचा रस्ता शांत असतो आणि खोलीत फक्त ट्यूबलाइटचा गुणगुणाट ऐकू येतो.

तिथे एक कारकून आहेत, तीस वर्षांपासून. स्टेपलरवर त्यांचा विश्वास नाही, सगळे कागद टाचणीने टोचतात, शर्टाच्या कॉलरमागे टाचण्यांची रांग असते, म्हणून सगळे त्यांना टाचणीराव म्हणतात. आत्या दारात दिसली तेव्हा ते उभे राहिले आणि बराच वेळ बसले नाहीत.

"बाई, तुम्ही," एवढंच म्हणाले.

काम सोपं होतं. डिसेंबरात प्रत्येक आजीव सभासदाला टपालाने एक कार्ड जातं. त्यावर एकच ओळ छापलेली असते: मी, खाली सही करणारा/री, आज रोजी हयात आहे. सभासदाने सही करून ते परत पाठवायचं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कार्डं एका लाकडी ट्रेमध्ये जमतात. कार्ड आलं की यादीत त्या क्रमांकापुढे "हयात" असा शिक्का. मेल्याचं कोणी कळवलं तर "मयत". काहीच आलं नाही तर जागा कोरी, आणि कोरी जागा पुढच्या वर्षी हयातच धरायची, कारण कोणी नाही म्हटलेलं नाही. एकशेअकरा वर्षांचे गृहस्थ असेच जगत होते.

"टाचणीराव, तुम्हाला हे कधी खटकलं नाही?" आत्याने विचारलं.

"आजीव म्हणजे आजीव ना बाई. मला वाटायचं तसा नियमच आहे."

यादीत नावं नव्हती, फक्त क्रमांक, जन्मवर्ष आणि शिक्के. मी क्रमाने वाचायची, आत्या डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची: याच्या घरी फोन, त्याच्या घरी पत्र. फोन टाचणीराव लावायचे. "नमस्कार, संघटनेतून बोलतोय. साहेब आहेत का?" मग पलीकडचं ऐकून आवाज उतरायचा. "अरेरे. केव्हा?" दोन शनिवारांत त्यांनी तेवीस वेळा अरेरे म्हटलं. एका घरी एका बाईंनी सांगितलं की साहेबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण दरवर्षी तुमचं कार्ड येतं, त्यांच्या नावाने तेवढंच एक येतं, म्हणून आम्ही कळवलं नाही. तो फोन ठेवल्यावर टाचणीराव खिडकीशी जाऊन उभे राहिले.

 त्या टेबलाभोवती अठरा खुर्च्या होत्या आणि आम्ही तिघं होतो.

तिसऱ्या शनिवारी आम्ही सहाशेच्या पुढे गेलो. आत्याचा चहा निवला होता, तिने तो हातात तसाच धरला होता.

"सहाशे बारा. मयत, सहा वर्षांपूर्वी."

"पुढे."

"सहाशे तेरा. गेली चार वर्षं कोरी."

"फोन. पुढे."

"सहाशे चौदा. हयात."

 मी पुढचा क्रमांक वाचायला तोंड उघडलं.

"परत वाच."

"सहाशे चौदा. यंदा हयात. गेल्या वर्षी हयात. त्याच्या आधी हयात." मी बोटाने मागे मागे गेले. "एकही कोरी नाही. अकरा वर्षं सलग हयात. का गं?"

आत्याने कप बशीत ठेवला. बशी वाजली नाही इतका हळू.

"तो काका आहे," ती म्हणाली.

ट्यूबलाइट गुणगुणत होती. मी यादीकडे बघितलं. जांभळ्या शाईचे अकरा शिक्के एकाखाली एक, सरळ. माणसं हरवतात ती नावाने. यादीत ती नंबराने असतात, आणि नंबर हरवल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. काकांनंतर यादी बघणाऱ्यांनी कार्डं मोजली होती, आणि मोजणी बरोबर भरली होती.

"पण कार्ड तर टपालाने घरी येतं," मी म्हटलं. "तुझ्या घरी."

"माझ्या घरी एकदाही आलेलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात काय आहे?"

काकांचं अक्षर मी ओळखलं. बारीक, उजवीकडे कललेलं. "टपालाने पाठवू नये. हातपोच."

आत्याने मान वळवली नाही. "टाचणीराव, हे हातपोच कोणाच्या हातचं?"

ते कॉलरमागच्या टाचण्या चाचपत होते. "माझ्या."

"तुमच्याकडे कोणी दिलं?"

"साहेबांनीच."

मी यादीवरचं बोट उचललं. आत्याचा आवाज मात्र बसची वेळ विचारावी तसा होता. "केव्हा?"

"त्या शनिवारी, बाई. जायच्या आधी. गठ्ठा दिला आणि म्हणाले, दरवर्षी पहिल्या आठवड्यात यातलं एक ट्रेमध्ये टाकत जा. वरून घ्यायचं, क्रम मोडायचा नाही."

"पोलिसांना हे सांगितलं नाहीत तुम्ही."

"त्यांनी विचारलं, साहेब कुठे जातो म्हणाले का. ते काही म्हणाले नव्हते. कार्डाचं कोणी विचारलंच नाही."

"आणि मला?"

"तुम्ही आलातच कधी इकडे," टाचणीराव म्हणाले. मग खाली बघून, "पहिल्या वर्षी टाकावं की नको असं झालं. पण म्हटलं, मेलेला माणूस सही करत नाही. साहेब कुठेतरी आहेत म्हणून तर सह्या करून गेले. मग सवय झाली. आणि नंतर भीती वाटायला लागली. एका वर्षी टाकलं नाही तर मीच त्यांना मारल्यासारखं होईल हो."

"किती कार्डं दिली होती?"

"ती..."

"थांबा. सांगू नका." आत्याने काळ्या चष्म्यामागे डोळे मिटले असावेत. "वय चोपन्न. त्या वर्षीचा आपलाच तक्ता. चोपन्न वयाच्या पुरुषाचं सरासरी उरलेलं आयुष्य बावीस पॉइंट चार. पॉइंट चारचं कार्ड होत नाही." ती थांबली. "बावीस."

टाचणीरावांनी मान हलवली. "बावीस."

त्यांनी कपाटातून खोकी काढली आणि अकरा वर्षांची अकरा कार्डं शोधून दिली. मग आपल्या टेबलाच्या खालच्या खणातून उरलेला गठ्ठा काढला. तोही टाचणीने टोचलेला, टाचणी गंजलेली. मी सगळी कार्डं टेबलावर क्रमाने लावली, पत्ते मांडावेत तशी दोन ओळींत. वर झालेली वर्षं, खाली व्हायची.

"ओळ वाच," आत्या म्हणाली.

"मी, खाली सही करणारा, आज रोजी हयात आहे."

"करणारा? की करणारा-तिरकी रेघ-री?"

"नुसतं करणारा."

"सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर. अगदी यंदाच्यावरसुद्धा."

"री नंतर आली. तो गेल्यानंतरच्या वर्षी, एका बाई सभासदाने तक्रार केली म्हणून. हे सगळे जुन्या गठ्ठ्यातले आहेत." ती खुर्ची पुढे ओढून घेत म्हणाली, "आता शाई कशी आहे ते सांग."

मी सांगितलं. पहिली सही निळी, गडद. पुढे पुढे ती फिकी होत गेली होती. अकरावी, म्हणजे यंदाची, नुसती कागदावर ओढल्यासारखी. खालच्या ओळीतली पहिली दोन जवळजवळ दिसत नव्हती, पेनाच्या टोकाचा चरा फक्त. आणि तिसरी एकदम गडद.

"गडद?"

"नवीन पेनाने केल्यासारखी. तिथून शेवटपर्यंत सगळ्या ठळक."

आत्याने हात पुढे केला. मी ते तिसरं कार्ड तिच्या हातात दिलं. डॉक्टरांनी मनाई केली होती तरी तिने चष्मा वर केला आणि ते डोळ्यांजवळ नेलं.

"रिफील संपलं," ती म्हणाली. "त्याने उठून दुसरं घातलं, आणि परत बसला."

ते दृश्य आम्हा तिघांसमोर उभं राहिलं: याच टेबलाशी, दुपारच्या उजेडात, घाई न करता, एकामागून एक. येणाऱ्या वर्षांच्या सह्या गेलेल्या वर्षांच्या सह्यांपेक्षा ठळक होत्या. मला वाटलं मागच्या रिकाम्या खुर्चीतलं कोणीतरी आपल्याबरोबर वाकून बघतं आहे. मी मागे पाहिलं नाही.

"चूक केली मात्र," आत्या म्हणाली. "आयुष्यभर मुलांना ओरडून सांगितलं त्याने. सरासरी म्हणजे वायदा नव्हे. बावीस वर्षं सरासरी आहे म्हणून कोणी बरोबर बावीस वर्षं जगत नाही. परीक्षेत असं लिहिणाऱ्याला त्याने नापास केलं असतं." तिने कार्ड जागेवर ठेवलं. "आणि स्वतःचे मोजून घेतले. किराणा भरावा तसे."

घरी जाताना जिन्यात ती पहिल्या वळणावर थांबली. खिडकीबाहेर तो रंगवलेला डोळा. "चिमणे, मला इतकी वर्षं वाटत होतं की त्याला काहीतरी झालं," ती म्हणाली. "त्याला काही झालं नव्हतं. निदान चार वाजून दहा मिनिटांपर्यंत तरी."

त्या रविवारी बाबा आले. मी सगळं सांगितलं. ते आधी संतापले, मग म्हणाले, "म्हणजे ठरवून गेला. ताई, आता तरी सही कर. अशा माणसासाठी कशाला थांबायचं?"

"अशा माणसाला मारायचं कशाला?" आत्या म्हणाली. "रागाने मारलं तर तो खून होतो, गणित नाही."

"मग काय, जिवंत धरून बसणार?"

"नियम लिहायचाय मला. शनिवारपर्यंत. जो नियम होईल तो त्यालाही लागेल, जो सहाशे तेराला लागेल, जो एकशेअकरा वर्षांच्या म्हाताऱ्याला लागेल. त्याच्यासाठी वेगळा लिहिणार नाही."

आठवडाभर ती सांगायची आणि मी लिहायची. खोडायची, परत सांगायची. एकदा तिने सांगितलं, बेपत्ता सभासद हयात धरावा. ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "खोड. असं केलं की तक्त्यात माणसं मरेनाशी होतात." दुसऱ्या दिवशी, बेपत्ता सभासद मयत धरावा. तेही खोडायला लावलं. "कोणी पाहिलंय?" ती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली. मला नाही वाटत ती मला विचारत होती.

सभेला अठराही खुर्च्या भरल्या. आत्याच्या सांगण्यावरून मी उभी राहून नियम वाचला. सभासदाला ज्या दिवशी कोणीतरी डोळ्यांनी पाहिलं किंवा त्याच्याशी बोललं, त्या दिवसापर्यंत तो मोजणीत. तोपर्यंतची त्याची सगळी वर्षं जगलेली म्हणून धरायची. त्यानंतर तो जिवंतांतही नाही, मेलेल्यांतही नाही. मोजणीबाहेर. पाहणाऱ्याचा उल्लेख करायचा.

"आणि कार्ड?" एका वयस्कर सभासदांनी विचारलं. "सही असली तर?"

"सही हे हयातीचं लक्षण नाही," आत्या म्हणाली. "सही हे सही केल्याचं लक्षण आहे."

सचिवांनी यादी पुढे ओढली. त्यांना माहीत होतं, आत्याने आधीच सांगितलं होतं. तरी त्यांचा आवाज खाली आला. "मॅडम, सहाशे चौदा. पाहणारं म्हणून तुमचं नाव लिहू? सकाळी सव्वादहा?"

आमच्या घरात अकरा वर्षं सव्वादहाच म्हटलं जात होतं. पोलिसांच्या कागदात दुसरी वेळ होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण शेवटचं बघणं आत्याचं, असं आम्ही धरून चाललो होतो.

आत्याने दाराकडे मान वळवली. टाचणीराव तिथे उभे होते, चहाचा ट्रे घेऊन.

"नाही," ती म्हणाली. "चार वाजून दहा मिनिटं. पाहणारे, कार्यालयाचे कारकून."

सचिवांनी लिहिलं. टाचणीरावांनी ट्रेमधला पहिला कप आत्यासमोर ठेवला.

"माझ्यानंतर पाच तास पंचावन्न मिनिटं तो होता," जिना उतरताना आत्या मला म्हणाली. "एवढे मला नव्याने मिळाले."

बाबांना तिने अर्ज कोरा परत दिला. "मोजणीबाहेर म्हणजे काय गं ताई?" बाबांनी विचारलं. "म्हणजे तू विधवा की कोण?"

"मी मोजणीत," ती म्हणाली. "माझं बघ. पुढच्या महिन्यात तुमच्याकडे पंधरा दिवस राहायला येते. तुझ्या बायकोला सांग, मला बिनसाखरेचा चहा."

त्या संध्याकाळी तिने दाराला आतून कडी लावली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. कडी गंजली होती, दोन हातांनी ओढावी लागली, आणि तिचा आवाज मला ओळखीचा वाटला. रिकामी खुर्ची तिने भिंतीकडे सरकवली आणि तिच्यावर संघटनेची खोकी ठेवली. शनिवारचं काम आता तिच्याकडेच आहे. सचिव म्हणतात, मॅडमनी लष्कर पोसायला घेतलंय.

उरलेला गठ्ठा टाचणीरावांनी तिच्या हवाली केला. "याचं काय करू बाई?" असं विचारताना त्यांचा चेहरा सुटल्यासारखा झाला होता. तो गठ्ठा आता आत्याच्या कपाटात आहे, कुलपात, किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत.

परवा तिच्याकडे गेले तेव्हा ती पलंगावर बसून कार्डं मोजत होती. बोटाला थुंकी लावून, नोटा मोजाव्यात तशी, सावकाश.

"अकरा," तिने मला ऐकवलं.

"कुलपात असतात, किल्ली तुझ्याकडे असते," मी म्हटलं. "मग मोजतेस कशाला?"

आत्याने गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या, गंजकी टाचणी जुन्याच भोकात परत घातली.

"जानेवारीत परत मोजेन," ती म्हणाली. "दहा निघाली तर कळायला हवं ना."